दिवसाला दीड तास

पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. सोमाटणे फाट्यावरच्या छापखान्यातून मी स्वतः गठ्ठा उचलून आणला. शाई अजून बोटांना लागत होती. मथळा ठसठशीत होता : "आमच्या मुलांच्या डोक्यात बंद यंत्रं का बसवलीत?" खाली चार मागण्या. पहिली, नादुरुस्त यंत्र ताबडतोब बदलून द्या. त्यातलं एकही पत्रक वाटलं गेलं नाही, आणि याचा मला अजूनही इतका आनंद होतो की तो लपवण्यात काही अर्थ नाही.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून. अपंग मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी आमची आठ-दहा जणांची संघटना आहे. उर्शाच्या टोलनाक्यावर, तळेगावातल्या कारखान्यांच्या गेटवर, लोणावळ्याच्या बाजारात, कुठेही उभं करा, अर्ध्या तासात गठ्ठा संपवून देते. पत्रकात तीन गोष्टी लागतात असं मला शिकवलं गेलं : अन्याय कोणावर झाला, कोणी केला आणि आता आम्हाला काय पाहिजे. मुळात काय घडलं हे शोधायला मात्र वेळ लागतो, आणि छापखान्याला मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो.

ही गोष्ट नाणे मावळातल्या एका ठाकरवाडीतल्या मुलीची. पाच वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. साडेतीन वर्षांची असताना सरकारी योजनेतून तिच्या उजव्या बाजूला कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. कानामागचं हाड कोरून आत एक बारीक तार बसवतात. बाहेर कानावर एक यंत्र अडकवायचं, त्याची चकती लोहचुंबकानं डोक्याला चिकटते. बाहेरचं यंत्र आवाज पकडतं आणि आतली तार तो कानाच्या नसेला देते. डाव्या कानाला साधं श्रवणयंत्र. घरात या सगळ्याला मिळून एकच शब्द, मशीन.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं तरी मुलगी ऐकेना. तिच्याबरोबर ऑपरेशन झालेल्या दोन मुली आईला हाका मारत होत्या, टीव्हीतली गाणी म्हणत होत्या. हिच्यात काहीच फरक नाही, असा निरोप तिच्या आईनं पाठवला, म्हणून मी वाडीवर गेले. भाताच्या लावणीचे दिवस. कामशेतहून जीपनं आणि पुढे चालत पोचेपर्यंत मी पिशवीसकट भिजले होते.

घरात मुलगी आणि तिचे आजोबा. त्यांना सगळी वाडी आबा म्हणते. बाप लोणावळ्यात एका बंगल्यावर वॉचमन, आठवड्यातून एकदा घरी येतो. आई लावणीला गेलेली. मुलीच्या कानावर मशीन नीट लावलेलं होतं, चकती जागच्या जागी. मी तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली. काही नाही. ताट आपटलं. दारातली कोंबडी पळाली, मुलगी बसून होती. मग मला बघून हसली आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

"बाप कवा येनार, आसं इचारती ती," आबा म्हणाले. "सायबाच्या गाडीला त्यो सलाम करतो न्हवं. तीच खूण."

पावसाची खूण वेगळी, शेळीची वेगळी, भूक लागल्याची वेगळी. मुलगी बोटांनी भरभरून बोलत होती आणि म्हातारा तिला तसंच उत्तर देत होता. खुणांची भाषा कमी दर्जाची आहे असं मी कधीच मानत नाही. पण मशीन ऐकण्यासाठी बसवलं होतं आणि ऐकू येत नव्हतं. टाळी वाजवून माझी चाचणी झाली. यंत्र खराब. निकाल लागला.

दुपारी आई आली, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद निथळत.

"ताई, काय हाय का उपेग? बाकीच्या पोरी बोलाय लागल्या."

"रोज घालता ना मशीन?"

"सकाळी उठल्या उठल्या मी सवता घालते. घातल्याबिगर चुलीला हात लावत न्हाई."

आबा चुलीतलं लाकूड पुढे सारत होते.

"मागच्या बारीला केंद्रातल्या नर्सबाई म्हनल्या, आतलं तपासाया लागंल," आई सांगत होती. "आतलंच बिघाडलं आसंल तर परत आपरेशन. ताई, मी परत डोकं फोडू देयाची न्हाई. त्या बारीला पट्टी बांधलेली, आठ दिस पोरगी माझ्या अंगावरून उतरली न्हाई. रडायची बी आवाज न करता."

"खराब असेल तर त्यांना बदलून द्यावंच लागेल," मी म्हणाले.

"बदलायचं म्हंजी परत कापायचंच न्हवं?"

"तो तुमचा हक्क आहे."

हे वाक्य मी उच्चारलं. एका बाईला, जी मला सांगत होती की माझ्या लेकीचं डोकं परत उघडू नका. ती चहा टाकायला उठली.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. तळेगाव दाभाड्यातल्या ज्या केंद्रात या मुलांची तपासणी होते, तिथे गुरुवारी सकाळी अकरा वाजता इतर पालकांना गेटवर बोलावलं. हिची तपासणी दहाची होती. ती झाली की बाहेर येऊन पत्रकं वाटायची, निवेदन द्यायचं, घोषणा. सगळं ठरलेलं.

गुरुवारी आई, मुलगी आणि आबा पहिल्या जीपनं आले. केंद्रात तपासणीच्या खोलीबाहेर पाटी आहे : "एका मुलासोबत एकाच पालकाने आत यावे." आबा सवयीनं बाकावर बसले. दीड वर्ष ते त्याच बाकावर बसत आले होते. मी मात्र संघटनेची म्हणून भांडून आत घुसले.

आत नव्यानंच आलेल्या, ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम होत्या. माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या, बोलायला कोरड्या. त्यांनी मुलीचं मशीन काढून एका वायरनं कॉम्प्युटरला जोडलं आणि पडद्यावर बघत राहिल्या. मग चष्मा वर केला.

"हे किती वेळ घालता?"

"दिसभर," आई म्हणाली.

"हे तर सांगतंय दिवसाला दीड तास."

"कोन सांगतंय?"

"मशीन. किती वेळ डोक्याला लागलेलं होतं ते त्याच्यात नोंदलं जातं. पावसाळा सुरू झाल्यापासून तर दिवसाला अर्धा-पाऊण तासच."

आईचा चेहरा लालबुंद झाला. "मशीन खोटं बोलतंय! मी माझ्या हातानं घालते. द्येवाशप्पत सांगते."

मी तर याचीच वाट बघत होते. "तुमचं यंत्र बिघडलेलं, आणि खोटी ठरवताय आईला? आदिवासी बाई आहे म्हणून? बंगल्यातली बाई असती तर असं बोलला असतात?"

"मी कोणाला खोटं ठरवलेलं नाही. मी आकडा वाचला," मॅडम म्हणाल्या.

दार उघडंच होतं आणि माझा आवाज घोषणा देऊन कमावलेला आहे. सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं असणार. दारात आबा उभे होते, टोपी हातात.

"सुनंला काय बोलू नगा," ते म्हणाले. "ती घालती. ती बांधावर गेली का मी काढतो."

आई म्हणाली, "आबा! काढता? का?"

"का म्हंजी? आपल्याकडं पाऊस कसा आसतो? आगपेटी वडली तर पेटत न्हाई. पोरगी दिसभर चिखलात. येवढी मोलाची वस्तू. डब्यात घालतो, वर मूठभर तांदूळ टाकतो आन चुलीवरच्या माळ्यावर ठिवतो, बियानं ठिवतो तितं. कोन पाव्हनं आलं, ह्या बाई आल्या, का मग घालतो. सांजंला सून येती तवर पोरगी पेंगाय लागती, तवा मशीन डब्यातच आसतं. येकदा बी भिजू दिलं न्हाई. बगा, हाय का येक तरी डाग?"

"आणि उन्हाळ्यात?" मॅडमनी विचारलं.

"उन्हाळ्यात धूळ, घाम."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं आबा?"

आबांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला, घडी घडी मोकळी करत टेबलावर पसरला. "आंगनवाडीच्या बाईकून तीनदा वाचून घेतलं. पाठ हाय." आणि ते म्हणायला लागले, शाळेत कविता म्हणतात तसे, डोळे मिटून. "मशीनला पाणी लागू देऊ नका. घाम लागू देऊ नका. धुळीत नेऊ नका. उन्हात ठेवू नका. जमिनीवर पडू देऊ नका. मुलांच्या हातात देऊ नका. केसांना तेल लावून घालू नका. लोहचुंबकाशेजारी ठेवू नका. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर बसताना घालू नका." डोळे उघडून म्हणाले, "वाडीत घसरगुंडी न्हाई. त्येचं आपल्याला काय न्हाई."

मी तो कागद ओळखला होता. खाली आमच्या संघटनेचं नाव होतं. दीड वर्षापूर्वी केंद्रानं पालकांसाठी माहितीपत्रक लिहून मागितलं तेव्हा मी एका रात्रीत लिहून दिलं होतं. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतली धोक्याच्या सूचनांची पानं उचलली आणि सोपं मराठी केलं. नऊ वाक्यं आणि नऊ 'नका'. मशीन किती वेळ घालायचं हे कागदावर कुठेच नव्हतं. ते मला सांगण्यासारखं वाटलंच नाही. चष्मा दिला तर माणूस घालणारच ना, असं काहीतरी मनात असेल. खरं सांगायचं तर मनात काहीच नव्हतं.

मॅडमनी कागद पालथा करून बघितला, परत सुलटा केला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"भाषा चांगली आहे."

आजवर मला पोलिसांनी, नगरसेवकांनी, माझ्या सख्ख्या काकांनी टोमणे मारले आहेत. एकही इतका बसला नाही.

मग मॅडम आबांकडे वळल्या आणि त्यांना खुर्ची दिली. त्या पाटीखालून आत येऊन खुर्चीत बसण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. मॅडमनी सांगितलं ते त्यांच्यासाठी होतं, पण मीही पहिल्यांदाच नीट ऐकत होते. मशीन फक्त आवाज आत पोचवतं. तो आवाज म्हणजे काय, हे डोकं शिकतं, आणि ऐकून ऐकूनच शिकतं. ऐकू येणारं बाळ जागेपणी सतत ऐकत असतं, तरी पहिला शब्द बोलायला त्याला वर्ष लागतं. हिनं दीड वर्षात ऐकलं किती? मागे टाळी वाजली तरी तो आपल्यासाठीचा आवाज आहे हे तिला कळणार कसं?

"म्हंजी मी पोरीचं वाटुळं केलं," आबा म्हणाले.

"थांबा. आधी आतलं बघू."

तीच खरी भीती होती. कमी घातल्यामुळे ऐकू येत नसेल, पण आतली तारही बिघडलेली असू शकते. मग ऑपरेशन आलंच. मॅडमनी मुलीच्या डोक्याला दुसरी चकती लावली, कॉम्प्युटरवर एक एक पट्टी भरत जायला लागली. मुलीच्या हातात मण्यांचा डबा दिला होता, ती मणी काढून परत डब्यात टपाटप टाकत होती. आईनं माझा दंड धरला होता, नखं रुतली होती. मी काढून घेतला नाही.

"सगळं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आतली तार उत्तम चालू आहे. ऑपरेशन-बिपरेशन काही नको."

आई तिथेच फरशीवर बसली. हसायला लागली, पदर तोंडाला लावून, थांबेचना. मग सासऱ्याकडे वळून म्हणाली, "आबा, सांगायचं तरी!"

"तू इचारलं कुटं?"

"मी इचारायचं? तुमी माझी घातलेली येनी काढून ठिवली आसती तर सांगितलं नसतं?"

"येनी भिजली तर बिघाडती का?"

मॅडमही हसल्या. मीही हसले, पण माझ्या पिशवीत पाचशे पत्रकं होती आणि त्यातली पहिली मागणी मान्य झाली असती तर या पोरीचं चांगलं चालणारं यंत्र कापून बाहेर काढलं असतं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय करावं कळेना. असं दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

अकरा वाजले होते. मी गेटवर गेले आणि जमलेल्या पालकांना सांगितलं, पत्रक वाटायचं नाही, मी चुकले.

"मग ह्या कागदात काय भजी बांधायची?" एक बाई म्हणाली.

"बांधा."

मग मी आबांचं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. एक जण हळूच म्हणाली, "आमचं बी पावसात डब्यातच आसतं." माझा नऊ 'नका'वाला कागद सगळ्यांच्या घरी गेला होता.

पण मी मऊ झाले असं समजू नका. मशीन रोज तास मोजत होतं, ते वाचायला दीड वर्षात कोणी बसलं नव्हतं, कारण या मॅडम येण्याआधी ती खुर्ची कित्येक महिने रिकामी होती. श्रवणयंत्राचा डाव्या कानात बसणारा साचा मुलीच्या वाढत्या कानाला लहान पडून शिट्टी मारत होता आणि नवा साचा महिनोन्महिने येत नव्हता. आणि ती पाटी! दिवसभर पोरीला सांभाळणारा माणूस बाहेर बाकावर, आणि सूचना कोणाला, तर दिवस उगवताच लावणीला जाणाऱ्या आईला. मी हे सगळं मॅडमना तोंडावर बोलून दाखवलं. त्यांनी उठून पाटी खिळ्यावरून काढली आणि कपाटामागे सरकवली. "साच्यासाठी लिहा निवेदन," म्हणाल्या. "जोरात लिहा. माझी सही आधी घ्या."

त्या दिवशी आबा एक काम शिकले. तोंडासमोर उपरणं धरायचं, म्हणजे पोरगी ओठ बघून ओळखणार नाही, आणि सहा आवाज काढायचे. आ, ई, ऊ, म, श, स. आवाज आला की तिनं डब्यात मणी टाकायचा. रोज सकाळी मशीन लावल्यावर आधी हेच. मशीन जागेवर राहायला लोकरीची टोपी, पडू नये म्हणून दोरी, पावसासाठी प्लास्टिकचं छोटं आवरण. डबा आणि तांदूळ फक्त झोपताना. खुणा सोडायच्या नाहीत, हेही मॅडमनी बजावलं, दोन्ही चालू दे.

मी नवं पत्रक लिहिलं आणि छापण्याआधी वाडीवर जाऊन आबांना वाचून दाखवलं. वर एकच ओळ मोठी : मूल जागं आहे तोवर मशीन कानावर.

"हां, हे कळतं," आबा म्हणाले. "पन पावसाचं लिवा. न्हाई तर मानूस परत माळ्यावर ठिवील."

पावसाचं लिहिलं. एकही 'नका' ठेवला नाही.

थंडीत पुन्हा तपासणी झाली. या वेळी तिघंही आत, मीही. मशीन जोडलं, आकडा आला : दिवसाला अकरा तास. मॅडमनी तोंडापुढे कागद धरला. आ. मणी. ई. मणी. ऊ, म. मणी, मणी. माझ्या शेजारी आई प्रत्येक मण्याला श्वास सोडत होती. साधं बोलणं जेवढ्या आवाजात चालतं तेवढं तिला पोचत होतं. श आणि स मात्र ती एकच धरत होती. मॅडमना कोडं पडलं, मशीनवर तर तो फरक पोचताना दिसत होता. मग त्यांनी आबांना काढून दाखवायला सांगितलं. आबांचे पुढचे दात नाहीत. दोन्ही आवाज त्यांच्या तोंडून सारखेच निघाले.

"पोरगी बरोबर शिकलीय आबा," मॅडम म्हणाल्या, "मास्तर बदलायला हवा."

"शेवटचे दोन मी करीन," आई म्हणाली.

मुलगी अजून वाक्यं बोलत नाही. चार-पाच शब्द आहेत, ते घरच्यांनाच कळतात. दीड वर्ष गेलं ते गेलं, त्यातलं सगळं भरून निघेल असं मॅडम म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण परतताना कामशेतच्या स्टँडवर जे झालं ते सांगते.

नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मीही वाडीकडे निघाले होते. जीप भरत आली होती. मुलगी आबांच्या मांडीवर, बाहेरच्या गाड्या बघत. आबा ड्रायव्हरशी भाताच्या झोडणीचं बोलत होते. एकदम तिनं हात डोक्याला नेला. चकती चाचपली, दाबली. आबांची बंडी ओढली. आबांचं बोलणं चालूच. मग तिनं दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि शब्दांशिवाय एक लांबलचक, रागीट तक्रार केली, कानाकडे बोट दाखवत.

"सेल गेलं वाटतं," आई म्हणाली.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. "निघायचं ना आबा?"

"थांब रं!" आबा खेकसले. खिशातून सेलची पट्टी काढली, बटणाएवढा सेल दोनदा हातातून निसटला. "तुला काय घाई पडलीय? पोरीला ऐकू येईना झालंय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कोणी कुरकुरलं नाही. मागच्या सीटवरचा एक जण खाली वाकून पडलेला सेल शोधायला लागला.